पिशवी भरलेली, की अडलेली?

पत्राचा सारांश

इंदूरच्या पश्चिम भागातील एका जुन्या वसाहतीत, मागे परसदार असलेल्या घरात राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे. त्यांच्याकडे तीन कोंबड्या आहेत. दोन गावठी आणि एक कडकनाथ. तिचे नाव त्यांच्या मुलीने ‘कोकिळा’ ठेवले आहे. अनंत चतुर्दशीनंतर चौथ्या दिवशी संध्याकाळी कोकिळेला उचलून घेतले असता, गळ्याच्या खाली, छातीच्या किंचित उजव्या अंगाला लिंबाएवढा घट्ट गोळा त्यांच्या हाताला लागला. दुसऱ्या दिवशी दाणे टाकून झाल्यावर पाहिले, तर गोळा होताच. कोंबडी मान लांब करून वेळावते, चोच उघडते-मिटते, दाण्यापाशी येते पण दोन-चार टिपून बाजूला होते, आणि तिची शीटही कमी झाली आहे. शेजारच्या काकूंनी सांगितले की पाय धरून उलटी करा आणि गळ्याखालची दाण्याची पिशवी दाबून रिकामी करा. भाच्याने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. तीत एक गृहस्थ ब्लेडने पिशवी कापतात, आतला गोळा काढतात, घरच्या दोऱ्याने शिवतात आणि कोंबडी चालू लागते. सासूबाईंचा भर ओव्याच्या पाण्यावर आहे. पती म्हणतात, काही शे रुपयांच्या कोंबडीसाठी दवाखान्यात कोण जाते? दरम्यान, पोल्ट्रीच्या दुकानातून आणलेली प्रतिजैविकाची पूड दोन दिवस पाण्यातून देऊन झाली आहे. भगिनी विचारतात: ‘घरच्या घरी उपचार करायचा तर यांतला कोणता करू? आणि काहीच न करता बसले आणि ती मेली, तर तो दोष माझाच ना?’ पत्राच्या शेवटी, इतर गोष्टींच्या ओघात, त्यांनी लिहिले आहे की गणपतीचे निर्माल्य परसातल्या आंब्याच्या आळ्यात टाकले असून तिघी दिवसभर तिथेच उकरत असतात.

उत्तर

ताई,

तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी चार ओळींचे उत्तर तुम्हाला कळवले होते, कारण सदर छापून येईपर्यंत आजारी कोंबडी थांबत नसते. आज तेच सविस्तर लिहितो आहे, ते तुमच्यासारख्याच अंगणात चार कोंबड्या पाळणाऱ्या इतरांसाठीही. एक गोष्ट आधीच सांगतो: मी पशुवैद्य नव्हे. परसात कोंबड्या पाळण्यात माझे बरेच आयुष्य गेले आहे, त्यांच्या दुखण्यांत काही वेळा यश आले आणि काही वेळा माझ्याच घाईने त्या दगावल्या. तेव्हा पुढचे सगळे त्या अनुभवाच्या आणि पशुवैद्यांकडून वेळोवेळी शिकलेल्या गोष्टींच्या आधारे वाचावे.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या दिसतात. पिशवी अडली आहे ही पहिली, पिशवीच आजारी आहे ही दुसरी, आणि हाताने काहीतरी केले म्हणजे उपचार झाला, न केले म्हणजे हयगय झाली, ही तिसरी. तिन्ही तपासून पाहण्यासारख्या आहेत, आणि तिसरी मला सर्वांत धोक्याची वाटते.

पहिलीपासून सुरुवात करू. कोंबडीला दात नसतात. ती दाणा टिपते तो सरळ गिळते आणि तो अन्ननलिकेला जोडून असलेल्या पिशवीत साठतो. या पिशवीला पुस्तकी मराठीत अन्नपुट म्हणतात आणि दवाखान्यात ‘क्रॉप’ म्हणतात. आपण पिशवीच म्हणू. तिथे दाणा भिजून मऊ होतो आणि थोडा थोडा करून पुढे जठरात आणि तिथून पेषणीत उतरतो. पेषणी म्हणजे खाटकाच्या दुकानात जिला ‘पोटा’ म्हणतात ती. आतल्या बारीक खड्यांच्या मदतीने तिथे खरे दळण होते. रात्रभर पुरेल एवढा साठा कोंबडी मावळतीपूर्वी करून ठेवते, म्हणून धडधाकट कोंबडीची पिशवी संध्याकाळी चांगली टणटणीत फुगलेली असते आणि पहाटेपर्यंत रिकामी होऊन हाताला लागेनाशी होते. नव्याने कोंबड्या पाळणारी निम्मी माणसे संध्याकाळी तो फुगवटा पाहून घाबरतात. तुम्ही पिशवी पहिल्यांदा पाहिली ती संध्याकाळी आणि दुसऱ्यांदा पाहिली ती दाणे टाकल्यानंतर. म्हणजे तिची रिकाम्या पोटी परीक्षा अजून झालेलीच नाही.

ती परीक्षा अशी करावी. अंधार पडताच कोंबडीला इतर दोघींपासून वेगळे करून डालग्याखाली किंवा हवा खेळणाऱ्या खोक्यात ठेवावे आणि खाद्य काढून घ्यावे. पाणी असू द्यावे. खाली पेंढा किंवा भुसा घालू नये, कारण अडलेली कोंबडी तेच टिपत बसते. जुने वर्तमानपत्र उत्तम. त्यावर रात्रीची शीट किती आणि कशी पडली तेही दिसते. उजाडताच, दाणा दाखवण्याच्या आधी, तिला मांडीवर घेऊन पिशवी बोटांनी चाचपावी. भरलेली निरोगी पिशवी भिजवलेल्या हरभऱ्यांच्या पुरचुंडीसारखी लागते: बोट आत रुतते, दाणे सुटे सुटे कळतात. सकाळी तीही नसावी. सकाळीही गोळा असेल आणि तो मळून ठेवलेल्या घट्ट कणकेसारखा किंवा सुतळीच्या गुंड्यासारखा एकसंध लागत असेल, तर पिशवी अडली आहे. पाणी भरलेल्या फुग्यासारखी डचमळत असेल आणि चोचीजवळ नाक नेल्यावर आंबलेल्या पिठाचा भपकारा येत असेल, तर आत बुरशी वाढून पिशवी आंबली आहे. ती बुरशी म्हणजे कॅन्डिडा, माणसाच्या तान्ह्या बाळांच्या तोंडात पांढरा थर आणणारीच. पिशवी नुसतीच ओघळून छातीवर लोंबत असेल आणि सकाळी अर्धवट भरलेली राहत असेल, तर तिचे स्नायू सैलावले आहेत. हे जुने दुखणे असते आणि तुमच्या वर्णनाशी ते जुळत नाही, म्हणून ते इथेच सोडतो.

कडकनाथच्या बाबतीत एक अडचण आहे. इतर कोंबड्यांचा तुरा पाहून बरेच कळते. लालभडक असला तर बरी, फिका किंवा जांभळा पडला तर काळजी. झाबुआच्या या जातीचा तुरा, कातडी, पाय आणि जीभसुद्धा मुळातच काळपट असल्यामुळे तुऱ्यावरून काही ठरवता येत नाही. पण त्याच काळेपणाचा एक फायदाही आहे. चोच हलकेच उघडून पाहिली, तर त्या काळसर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे असल्यास चटकन नजरेत भरतात. तेवढे जरूर पाहा, आणि पाहताना बोट जिभेच्या मुळाशी जाणार नाही याची काळजी घ्या. का, ते पुढे येईलच.

आता निर्माल्य. पत्र वाचताना मी तिथेच थांबलो. दहा दिवसांच्या गणपतीला रोज एकवीस दूर्वांची जुडी वाहिली जाते, आणि प्रत्येक जुडी दोऱ्याने बांधलेली असते. जमिनीत रुजलेले गवत कोंबडी खाते तेव्हा पाते मुळाशी पक्के धरलेले असल्यामुळे ती ओढून त्याचा बोटभर तुकडा तोडते. तो पिशवीत सहज भिजतो. खुडलेली दूर्वा मात्र कशाला धरलेली नसते. चोचीत आली की आख्खी आत जाते, एकीमागून एक, आणि तिच्या सोबत दोराही जातो. पिशवीत ही पाती एकमेकांत गुंतून त्यांचा पीळ पडतो, आणि एकदा पीळ पडला की पुढच्या अरुंद वाटेने तो उतरत नाही. कापलेल्या हिरवळीचे लांब काप, नारळाच्या शेंड्या, गोणपाटाचे धागे यांनीही हेच होते. शिवाय वाहून आठवडा झालेल्या फुलापानांत पावसाळी हवेत बुरशी धरलेली असणारच. म्हणून तुमच्या कोंबडीची पिशवी खरोखरच अडली असावी असे मला वाटते. मान वेळावणे आणि शीट कमी होणे याच बाजूने बोलतात. पण माझे वाटणे बाजूला ठेवा आणि सकाळची परीक्षा कराच, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे.

दुसरे गृहीतक असे की पिशवी रिकामी झाली की कोंबडी बरी. जवाहर मार्गावर वाहने तुंबलेली दिसतात तेव्हा बंद पडलेली बस बहुधा पुढच्या चौकात असते. पिशवीचेही तसेच आहे. पेषणीत तार किंवा खिळा अडकला असेल, आतड्यांत जंत झाले असतील, अंडे अडले असेल किंवा अंड्याचा बलक पोटात फुटून सूज आली असेल, मानमोडी किंवा मॅरेक्स या आजाराने मज्जातंतूंवर घाला घातला असेल, शिशासारखे विष पोटात गेले असेल, तर पचनाची सगळी चाल मंदावते आणि बाहेरून दिसतो तो मात्र पिशवीचा फुगवटा. म्हणून पिशवी पाहताना उरलेली कोंबडीही पाहावी: एक पाय पुढे आणि एक मागे असा लंगडेपणा आहे का, पोट खाली जड आणि पाण्याने भरल्यासारखे लागते का, बसकण मारून ती अंड्यासाठी कुंथते का, श्वास घेताना चोच उघडी राहते का. यांतले एक जरी आढळले तरी घरचा उपचार हा विषय तिथेच संपतो.

आता काकूंचा उपाय. याबद्दल मी कडक शब्दांत लिहिणार आहे, कारण तो मी स्वतः केलेला आहे. पुष्कळ वर्षे झाली. माझ्याकडच्या एका तांबड्या तलंगेची पिशवी पाण्याने डचमळत होती. मला कुणीतरी हेच सांगितले होते. मी तिला दोन्ही पायांनी धरून डोके खाली केले आणि पिशवीवर अंगठा दाबला. करड्या रंगाचे आंबट पाणी भळकन चोचीतून आले, माझ्या मनगटावर सांडले, आणि मला वाटले, जमले. तिने एकदा पंख झाडले. मग घशात घरघर झाली, आणि सरळ करून मांडीवर घेईपर्यंत तिची मान माझ्या कोपरावरून खाली ओघळली होती. सगळे मिळून अर्धे मिनिटही झाले नसेल. कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशी, अगदी उघड्यावर असते. उलट्या कोंबडीच्या घशातून बाहेर येणारे पाणी तिच्या पुढूनच जाते आणि एक घोट आत गेला तरी पुरतो. पशुवैद्य पिशवी धुतात तेव्हा नळी घालून, मान धरून, किती पाणी आत आणि किती बाहेर याचा हिशेब ठेवून धुतात. पाय धरून लटकवणे हा त्याचा घरगुती पर्याय ठरत नाही. काकूंनी हे आपुलकीने सांगितले असणार, आणि त्यांच्या हातून एखादी कोंबडी वाचलीही असेल, पण तुम्ही ते करू नका.

भाच्याच्या चित्रफितीबद्दलही थोडक्यात. पिशवी उघडण्याची शस्त्रक्रिया खरी आहे. पशुवैद्य ती भूल देऊन करतात आणि अडलेला गोळा बऱ्याचदा शेवटी त्याच मार्गाने निघतो. पण तिथे वरची कातडी आणि आतली पिशवी हे दोन वेगळे थर असतात, ते वेगवेगळे शिवावे लागतात, नाहीतर खाल्लेले अन्न कातडीखाली झिरपून सडते. भूल न देता कापले तर पक्षी धक्क्यानेच मरू शकतो. कोंबडी स्तब्ध बसली म्हणजे तिला दुखत नाही असेही नव्हे. शिकार होणारे पक्षी वेदना लपवतात. चित्रफीत कोंबडी चालू लागल्यावर संपते आणि पाचव्या दिवशीचे टाके कुणी दाखवत नाही. जनावराला विनाकारण यातना देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे, पण मला वाटते तुम्हाला थांबवायला कायद्याची गरज नाही; तुम्ही पत्रात ‘ते पाहून माझे हात थरथरले’ असे लिहिलेच आहे. त्या थरथरीवर विश्वास ठेवा.

प्रतिजैविकाची पूड आजपासून बंद करा. पीळ पडलेल्या दूर्वांवर तिचा काहीच परिणाम होत नाही, आणि पिशवीतले उपकारक जिवाणू मेले की बुरशीला रान मोकळे मिळते. अडलेली पिशवी आंबते ती अनेकदा अशानेच. शिवाय पाण्याचे भांडे एकच असेल तर ती पूड तिघींच्याही पोटात गेली आहे आणि औषधाचा अंश अंड्यांत उतरतो. पुडीवर अंडी किती दिवस वर्ज्य ते छापलेले असेल तर तितके दिवस, नसेल तर पशुवैद्याला विचारेपर्यंत, तिघींचीही अंडी खाऊ नका आणि शेजारीही देऊ नका. मोरचूद (कॉपर सल्फेट) पाण्यात घालण्याचा एक जुना सल्ला तुमच्यापर्यंत अजून पोहोचला नसेल तर पोहोचेलच. त्याचे प्रमाण जरा चुकले की ते विष होते, तेव्हा तोही नको. सासूबाईंच्या ओव्याच्या पाण्याने पीळ सुटणार नाही. पण ते पातळ करून वाटीत ठेवले आणि कोंबडी आपण होऊन प्यायली, तर त्यात बिघडत काही नाही आणि घरातले वातावरणही नीट राहते. चमच्याने मात्र ओतायचे नाही.

मग घरी करायचे काय? सकाळच्या परीक्षेत पिशवी घट्ट लागली, कोंबडी उभी राहते आहे, डोळे उघडे आहेत, पाणी पिते आहे, आणि वर सांगितलेले दुसरे काही लक्षण नाही, तर एक दिवस, म्हणजे चोवीस तास, घरी प्रयत्न करायला हरकत नाही. दाणा, गवत, भाजीपाला सगळे बंद. स्वच्छ, कोमट पाणी सतत समोर. दोन-तीन मिलिलिटर खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल दिवसातून दोनदा द्यावे. ते घशात ओतू नये, तर चोचीच्या कडेला थेंब थेंब लावावे. थेंब चोचीच्या फटीतून आत शिरतो, कोंबडी मान वर करून तो गिळते, मग पुढचा थेंब. दोन मिलिलिटरला सहज पाच मिनिटे लागतात आणि ती लागू द्यावीत. त्यानंतर तिला मांडीवर सरळ, डोके वर ठेवून बसवावे, एक हात पंखांवरून घेऊन दुसऱ्या हाताच्या बोटांनी पिशवी हलकेच चोळावी: आधी गोळ्याच्या कडा, मग मध्य, जणू साखरेचा खडा रुमालात धरून विरघळवतो आहोत इतक्याच जोराने. वरच्या दिशेने, चोचीकडे, कधीही ढकलू नये. पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. मध्येच तिने मान पुढे ताणली, आवंढे गिळले किंवा चोचीतून पाणी आले की हात काढून घ्यावा. पिशवी डचमळणारी असेल तर मात्र चोळणे अजिबात नको. आतले पाणी वर येण्याचा धोका तिथे सर्वांत जास्त असतो. अशा वेळी दाणे आणि गोड काहीही (गूळ, फळे, भाकरीचे भिजवलेले तुकडे) बंद करून तिला दवाखान्यात न्यावे. बुरशीवर निस्टॅटिनसारखे औषध लागते आणि ते वजनावर मोजून, सांगितलेले सगळे दिवस द्यावे लागते. दही हे त्याच्या जागी चालत नाही. चमचाभर खाल्ले तर अपाय नाही, पण पक्ष्यांना दुधातली साखर नीट पचत नाही, म्हणून त्याचे वाडगे भरून ठेवू नयेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा चाचपा. गोळा मऊ पडला असेल, निम्म्याने कमी झाला असेल, वर्तमानपत्रावर शीट वाढली असेल, तर वाट सुटते आहे. तेव्हा उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून किंवा भिजवून पातळ केलेले लेअरचे, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे, खाद्य, एका वेळी चमचाभर, दिवसातून चार-पाच वेळा द्यावे, आणि पुढच्या पहाटे पिशवी पूर्ण रिकामी होईपर्यंत प्रमाण वाढवू नये. (काल उरलेले पोहे नकोत. आपल्या इंदुरात हे सांगावे लागते. पोह्यांवरच्या शेवेतले आणि जिरावण मसाल्यातले मीठ कोंबडीला सोसत नाही, आणि आजारी कोंबडीला तर मुळीच नाही.) दुसऱ्या पहाटेही गोळा तसाच असेल, तर आणखी एक दिवस बघू, असे म्हणू नका. कडकनाथ कोंबडी मुळात किलो-दीड किलोची. अन्न पुढे जात नसले की पिशवी भरलेली असूनही ती उपाशी मरत असते. हिरवी, पाण्यासारखी शीट हे त्याच उपासमारीचे चिन्ह आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवून रोज सकाळी तिचे वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. शंभर ग्रॅमची घट म्हणजे तिच्या वजनाचा दहावा ते पंधरावा हिस्सा. चोचीतून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका. दुसरे टोक आत कुठे गुंतले आहे हे आपल्याला दिसत नसते आणि ओढल्याने आतडे कापले जाते.

दवाखान्याबाबत तुमच्या पतींचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. शहरातले बहुतेक दवाखाने कुत्र्या-मांजरांचे, आणि कोंबड्यांचे जाणकार असतात ते हजारोंच्या पोल्ट्रीचा विचार करणारे. त्यांच्या हिशेबात एक कोंबडी म्हणजे कळपातून काढून टाकायचा आकडा. म्हणून आधी फोनवर स्पष्ट विचारावे: पाळीव कोंबडी आहे, एकच आहे, पिशवी अडली आहे, गरज पडली तर ती उघडून शिवता का? आपल्याला एक सोय अशी की महूचे पशुवैद्यक महाविद्यालय इंदुरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. शिकवण्याच्या जागी असे रुग्ण सहसा नाकारत नाहीत. राज्याच्या फिरत्या पशुचिकित्सा सेवेचा १९६२ हा क्रमांकही आहे. जाताना रात्रीच्या शीटीचा ताजा नमुना लहान बाटलीत, वजनाचे आकडे आणि त्या पुडीचे वेष्टन बरोबर न्यावे. तेवढ्याने तपासणीचा निम्मा वेळ वाचतो.

आणि खर्चाचा प्रश्न घरातून निघण्याआधी मिटवावा, दवाखान्याच्या बाकावर नव्हे. कोंबडीची बाजारातली किंमत आणि तिच्या उपचाराचा खर्च यांची तुलना करायची तर कोकिळा केव्हाच हरते; पण तुमच्या मुलीने नाव ठेवले तेव्हाच ती तुलना तुमच्या घराने सोडून दिली होती. दोघांनी बसून एक रक्कम ठरवा: एवढ्यापर्यंत आपण जाऊ, त्यापुढे नाही. त्यात लाजण्यासारखे काही नाही. त्या रकमेत शस्त्रक्रिया बसत नसेल किंवा कोंबडी फार खंगली असेल, तर वेदनारहित शेवट द्यायला पशुवैद्यालाच सांगा, आणि मुलीला आधी कल्पना द्या. तुम्ही दोषाबद्दल विचारले आहे, म्हणून सांगतो: उपचार थांबवण्याचा असा विचारपूर्वक निर्णय मला हयगय वाटत नाही. चार सल्ल्यांपैकी चारही एकाच कोंबडीवर करून पाहणे मात्र वाटते.

स्वतःचीही काळजी घ्या. आजारी पक्ष्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, मुलीला चोचीला पापे घेऊ देऊ नका. एकाएकी दोन-तीन पक्षी मेले, तर पिशवीबिशवी विसरून पशुसंवर्धन विभागाला कळवा आणि मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका. २०२० च्या डिसेंबरअखेर आपल्याच शहरात कावळे मरू लागले होते आणि तो बर्ड फ्लू असल्याचे भोपाळच्या प्रयोगशाळेत निश्चित झाले होते. तुमच्या पत्रात तसे काही नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या अंगणात असू शकेल.

पुढे हे टाळायचे तर दोन गोष्टी. माळव्याची काळी माती पिकाला सोने, पण कोंबडीला पेषणीत ठेवायला लागणारे खडे तीत फारसे सापडत नाहीत. काळ्या दगडाच्या खडीचा कच, ज्वारीच्या दाण्याएवढा किंवा थोडा मोठा, सिमेंट न लागलेला, दोन-तीनदा धुऊन एका वाटीत कायम ठेवावा. शिंपल्यांचा चुरा त्याच्या जागी चालत नाही. तो पोटात विरघळतो आणि अंड्याच्या कवचासाठी असतो, दोन्ही वाट्या वेगळ्या हव्यात. दुसरी गोष्ट निर्माल्याची. आळ्यातच टाकायचे असेल तर जुड्यांचे आणि हारांचे दोरे काढून, दूर्वा कात्रीने बोटाच्या पेराएवढ्या कापून, वर मातीचा थर आणि त्यावर जाळी घालावी.

पण ते पुढच्या वर्षी. आत्ता, आज संध्याकाळीच, त्या आळ्यावर जाळी किंवा पत्रा झाका. उकरायला तिघी होत्या आणि तुम्ही चाचपले ते एकटीला, म्हणून उद्या उजाडताच गावठी दोघींच्याही पिशव्या रिकाम्या पोटी पाहून घ्या.